घरचें आरोग्य : कर्करोग्याचा ताप

अहिल्यानगर जिल्ह्यांतील घोडेगांव जनावरांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. अशा गांवीं गोठा, शेण, धूळ आणि धारोष्ण दूध हीं नित्याचींच. त्यांतले पुष्कळ जंतु निकोप माणसाच्या वाटेस क्वचितच जातात. परंतु घरांतल्या कोणास कर्करोगासाठीं किमोथेरपी चालू असेल, तर तेथें वेगळा हिशेब धरावा लागतो. मात्रेनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तांतील न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी फार उतरतात. घनमिलिमीटरमागें त्या ५०० च्या खालीं गेल्या कीं शरीराचा पहारा उठलाच म्हणावयाचा.

मग एरवीं कधीं नांवही न ऐकलेले जंतु आंत शिरतात. ऱ्होडोकॉकस इक्वाय हा १९२३ सालीं स्वीडनमध्यें शिंगरांच्या फुप्फुसांत सांपडला. घोड्यावरूनच त्याचें नांव पडलें. (घोडेगांवकरांनीं नामसाम्यानें दचकूं नये!) माणसांतला पहिला रोगी १९६७ सालीं नोंदला गेला. तो जनावरांचे वाडे साफ करणारा २९ वर्षांचा तरुण होता. यकृताच्या विकारासाठीं त्यास प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें चालू होतीं. हा विकार, तसाच मातींतल्या नोकार्डियाचा, क्षयासारखा दिसून वैद्यांसही चकवतो.

कच्च्या दुधांतून लिस्टेरिया आणि ब्रुसेला येतात. आपल्याकडे पंचामृतांत दूध कच्चेंच घालतात, आणि प्रसाद आधीं आजाऱ्याच्या हातावर पडतो. पूजा अवश्य करावी. आजाऱ्यासाठीं दूध तेवढें उकळून घ्यावें. सोवळें नेसलेल्या हातांसही साबण लागतोच. मात्र रोग्याला कोपऱ्यांत वाळीत टाकूं नये; पुष्कळदां हे जंतु त्याच्याच आंतड्यांतले वा त्वचेवरचे असतात.

खरा घात निराळाच आहे. पू म्हणजे बहुतांशीं याच पांढऱ्या पेशी. त्या नसल्यावर पू होत नाहीं, सूजही फारशी येत नाहीं. ताप हीच काय ती खूण उरते. पारा एकदां १०१ अंशांवर गेला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर तापाची गोळी देऊन "सकाळीं पाहूं" म्हणूं नये. गोळीनें खूण तेवढी पुसली जाते. रुग्णालयांत पोहोंचल्यापासून तासाभरांत शिरेंतून प्रतिजैविक सुरू व्हावें, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. रात्र घरींच गेली तर त्याचा काय उपयोग?

एकत्र कुटुंबांत काळजी सर्वांनाच असते, आणि म्हणूनच कित्येकदां निर्णय कोणीच घेत नाहीं. थोरल्यांस झोपेंतून कसें उठवावें, येथेंच घड्याळ पुढें सरकतें. तेव्हां मात्रेच्या दिवशींच ठरवून ठेवावें : गाडी कोणाची, बरोबर कोण जाणार, आणि मात्रेची तारीख लिहिलेला कागद कोठें आहे.