भिंतीला चिकटवलेला वाडा

वर्षभरात बरंच घडलं. मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून रण माजलं, सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातली पिकं तर नेलीच, शेतातली मातीही खरवडून नेली. वाचकांनी हे सगळं इतरत्र भरपूर वाचलं असेल. या दिवाळी अंकाच्या संपादकांच्या डोक्यात मात्र वर्षभर ठाण मांडून बसली ती एक भिंत.

पुण्याजवळ 'वाडा संस्कृती जपणाऱ्या' बंगल्यांचा एक प्रकल्प उभा राहतो आहे, तिथली. दर्शनी बाजूला अस्सल कोकणी चिरा, तांबूस, भोकाभोकांचा. कोपऱ्यावरचा एक तुकडा निखळला होता, म्हणून गुपित फुटलं. चिरा जेमतेम इंचभर जाडीचा, बाथरूमच्या टाइलसारखा चिकटवलेला, मागे काँक्रीट. छताच्या तुळया फायबरच्या. मधला चौक वरून काचेने बंद, त्यामुळे आत भट्टी पेटलेली आणि प्रत्येक खोलीला एसी. माहितीपत्रकात या घराला 'पर्यावरणपूरक' म्हटलेलं आहे.

चिरा काही शोभेसाठी जन्मला नाही. हा जांभा दगड खाणीतून निघताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की टणक होतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात तो पायाखालीच सापडतो, म्हणून तिथली घरं त्याची. हा दगड पाणी पितो हे तिथल्या गवंड्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात कौलारू छपराची पागोळी भिंतीपासून चांगली लांब पडायची आणि चहूबाजूंना पडव्या असायच्या. ओटी, माजघर, पडवी ही मांडणी गोड आठवणींसाठी केलेली नव्हती. ऊन आणि पाऊस भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून होती. तोच चिरा घाट चढवून, ट्रकचं डिझेल जाळून आणायचा, वर छज्जासुद्धा द्यायचा नाही, आणि दोन पावसाळ्यांत शेवाळ धरलं की रंगाऱ्याला बोलवायचं! शिवाय मागे कोकणात चिरेखाणीचा खड्डा तसाच उघडा. पर्यावरणाच्या नावावर याहून महाग थट्टा शोधून सापडायची नाही.

याउलट लॉरी बेकर. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा वास्तुविशारद केरळात राहून तिथल्या गवंड्यांकडून शिकला आणि त्यांना शिकवतही राहिला. नऊ इंची भिंतीत विटा पालथ्या न घालता काठावर उभ्या लावायच्या, म्हणजे मध्ये पोकळी राहते; सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि बाहेरची उष्णताही आत कमी येते. स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट ताण सोसत नाही, तो सळ्या सोसतात. मग तिथे सळ्यांच्या मधे जुनी मंगलोरी कौलं घालायची आणि तेवढं काँक्रीट वाचवायचं. यात कौलाचं कौतुक आहे आणि स्थापत्यशास्त्राचं गणितही. त्याने उभारलेल्या तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारती आजही उभ्या आहेत, ज्याला शंका असेल त्याने जाऊन पाहाव्यात. ऑरोव्हिलमध्ये मातीत साधारण पाच टक्के सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून, न भाजता विटा करतात. माती जुनीच, तिची चाळणी आणि चाचणी नवी.

मात्र 'जुनं तेच सोनं' म्हणणाऱ्या मंडळींनी किल्लारीकडे पाहावं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबाद भागातल्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. ती पारंपरिक घरांखाली गेली, हे मान्य करायला अनेकांना जड जातं. तिथल्या भिंती दोन-तीन फूट जाड, पण प्रत्यक्षात दोन पडद्या: आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि कपच्यांची भर. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. माळवदावर दरवर्षी नवी माती चढत गेली होती, डोक्यावर मणामणाचं ओझं. धक्का बसला तशा पडद्या फुगल्या आणि फुटल्या. आणि त्याच गावांत अनेक घरांचे लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, भिंती ढासळल्यावरही उभे राहिले. परंपरेतलं काय घ्यावं आणि काय टाकावं, याचा इतका क्रूर धडा महाराष्ट्राला दुसऱ्यांदा मिळू नये.

उपाय अवघड नव्हते. ठरावीक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांची नीट सांधणी, दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून चौफेर फिरणारा काँक्रीटचा पट्टा. भारतीय मानक ब्युरोने त्याच 1993 साली मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भूकंपाच्या दृष्टीने दोन स्वतंत्र मानकं काढली. ती किती गवंड्यांपर्यंत पोचली, हे कुठल्याही तालुक्याच्या नाक्यावर उभं राहून विचारावं. भूकंपानंतर लोकांचा दगडावरचाच विश्वास उडाला आणि नव्या गावठाणांत चौकोनी आखणीवर घरं बसली. जनगणनेच्या लेखी मातीची भिंत आजही कच्चीच, मग ती कितीही शास्त्रशुद्ध बांधलेली असो. अशा घराला कर्ज मागणाऱ्याने बँकेच्या पायऱ्या झिजवायची तयारी ठेवावी. सुशोभित काँक्रीटला मात्र कोणी अडवत नाही.

चुन्याचंही तेच. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा. चुनाही भाजावाच लागतो, पण कमी आचेवर, आणि भिंतीत सुकताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडाफार परत घेतो. अडचण एकच, त्याला वेळ लागतो. विरवायचा, मुरवायचा, घाण्यात मळायचा, हिरड्याचं नाहीतर गुळाचं पाणी घालायचं. वारसा यादीतल्या किल्ल्यांच्या डागडुजीला चुनाच लागतो, आणि ते काम जाणणारा कारागीर शोधताना ठेकेदारांच्या नाकीनऊ येतात.

यंदाच्या अंकाचा विषय 'घर' आहे. पोरांच्या दिवाळीतल्या किल्ल्यांवर एक लेख घ्यायचाच होता. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे आयते किल्ले विकत मिळू लागल्यापासून चिखलात हात घालणारी पोरं कमी दिसतात, तेव्हा तो या विषयात बसतो असं समजून घ्यावं. कथा-कविता नेहमीसारख्या आहेत. आणि वाचकांपैकी कोणी येत्या वर्षात 'वाडा लूक'चं घर बघायला जाणार असेल, तर विक्रीवाल्याला एवढंच विचारावं: पश्चिमेच्या भिंतीवर छज्जा किती फूट आहे, आणि चौकातून गरम हवा बाहेर कुठून जाते? मुखपृष्ठावर दिंडी दरवाजाचं चित्र हवं असा विक्री विभागाचा आग्रह होता. तो मानलेला नाही.