आधी कोण उठणार?

मागच्या हिवाळ्यात आर्णी तालुक्यातल्या एका गावी नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात आरोग्य तपासणीचे शिबिर लागले होते. बायकांची रांग पायऱ्यांपर्यंत आलेली. पुरुष मात्र समोरच्या कडुनिंबाखाली. कापसाच्या भावावर चर्चा चालली होती आणि पन्नीत घोटलेला खर्रा या हातातून त्या हातात जात होता. परिचारिका दोनदा हाक मारून गेली. "मले काय धाड भरली?" असे कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. खरे सांगायचे तर मीही हसलो. माझ्याही गालात तेच होते.

त्या हसण्याची किंमत मला ठाऊक होती. दारव्ह्याकडच्या माझ्या एका वर्गमित्राच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला होता. तिखट झोंबू लागले तसा तो वरणभातावर आला. बायकोच्या ते लक्षात आले, पण त्याने तिलाही गप्प बसवले. कारण लेकीसाठी स्थळे पाहणे सुरू होते आणि 'कॅन्सरवाल्याचे घर' असे नाव पडायला वेळ लागत नाही. लग्न थाटात लावून तो नागपूरला गेला. तोवर दुखणे जबड्यात आणि मानेच्या गाठींत उतरले होते. लेकीच्या दिवाळसणाला तो नव्हता.

तो अडाणी नव्हता. पुडीवरचे चित्र त्यानेही पाहिले होते. म्हणूनच 'जागृती नाही हो' हे आपले ठरलेले उत्तर मला पटत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३५.५ टक्के प्रौढ पुरुष तंबाखू वापरणारे आढळले. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत, देशभरातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या पुरुषांपैकी तोंडाची तपासणी कधीतरी करून घेतलेले निघाले जेमतेम १.२ टक्के. ही दरी केवळ अज्ञानाची कशी असेल?

पुरुष आपला निर्णय आपण घेतो, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो घेतात त्याच्या भोवतीची माणसे. खर्रा एकट्याने खायची चीज नाही. तो घोटायचा, चिमूटभर पुढे करायचा, नाही म्हटले तर समोरच्याला वाईट वाटते. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, तरी पानठेल्यावरची ही देवघेव थांबली नाही. अशा मंडळीतून उठून तोंड दाखवायला जाणे म्हणजे 'मी घाबरलो' अशी कबुलीच. त्यात दिवसाची मजुरी बुडते, आणि काही निघालेच तर शेतीच्या कर्जात आणखी एका खर्चाची भर. न पाहिलेले दुखणे स्वस्त वाटते.

आणखी एक अडचण आपण ध्यानातच घेत नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती घरोघर जाऊन भरून घेते ती आशाताई. ती बहुधा गावचीच सून. सासऱ्याच्या वयाच्या माणसाला 'खर्रा किती खाता, तोंड उघडा' हे तिने कसे विचारावे? तोही 'लिहून टाक काहीतरी' म्हणतो आणि रकाना भरला जातो.

खरे तर तपासणी आहे किती साधी! टॉर्च आणि एक काडी. गाल, जीभ, हिरड्या पाहायच्या, चट्टा किंवा न भरलेली जखम शोधायची, तोंड पुरेसे उघडते का ते बघायचे. सुपारीने गाल आतून आवळत गेले की तेही उघडेनासे होते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी अशीच नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले.

त्या दिवशी कडुनिंबाखालची कोंडी फोडली ती एका म्हाताऱ्याने. शस्त्रक्रियेत त्याचा अर्धा जबडा गेलेला. गमछा बाजूला करून बोबड्या शब्दांत तो म्हणाला, "मी बी इथंच हासत बसलो होतो. चाला." आधी त्याचा पुतण्या उठला, मग सरपंच, मग त्यांच्यामागे पाच-सहा जण. शेवटी मी. माझ्या गालात एक फिकट चट्टा निघाला. खर्रा सोडा आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, असे सांगण्यात आले. सोडताना पहिले पंधरा दिवस कसे गेले ते माझे मला माहीत. पण पुन्हा दाखवायला गेलो, तेव्हा सोबत ठेल्यावरचे दोघे होते.

म्हणून वाटते, बोलावणे एकट्यादुकट्याला नको, घोळक्याला द्यावे. शिबिर आठवडी बाजारात, जिनिंगच्या आवारात, एसटी आगारात भरावे. वेचणी-पेरणीचे दिवस टाळावेत. आशाताईसोबत एखादा पुरुष कर्मचारी असावा. पहिले तोंड सरपंचाने, गुरुजींनी, महाराजांनी उघडावे. मालकांनी त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापू नये. आणि घरच्या बाईवरच सगळा भार टाकून मोकळे होऊ नये. तिचे ऐकले जात असते तर माझा मित्र आज असता.

खर्रा पुढे करायला आपल्याला सोबती लागतात. टॉर्चसमोर बसायलाही ते लागतात, यात लाज कसली? आज रविवार. दुपारी ठेल्यावर बैठक जमेलच. तिथे पन्नी पुढे येईल तेव्हा एवढेच विचारून पाहा : उद्या दवाखान्यात कोण कोण येता?