आरोग्याचे चार शब्द : रक्त दिसले तर लपवू नका



गेल्या अंकातील मधुमेहावरील आमचा मजकूर वाचून काही पत्रे आली. त्यांपैकी एका पत्राखाली सही नव्हती. ‘शौचाच्या वेळी अधूनमधून लाल रक्त पडते. मूळव्याधच असावी. काही घरगुती औषध असल्यास छापावे. मात्र आमच्या गावाचे नाव छापू नये,’ एवढेच त्यात होते. आमचा जन्म वर्गात गेला. नाव न घालता मुले जी चिठ्ठी टेबलावर ठेवतात, तिच्यातील प्रश्न बहुधा अर्ध्या वर्गाच्या मनात असतो, हे आम्ही जाणतो. म्हणून या खेपेस याच विषयाचा विचार करू.

विषय उच्चारण्यास संकोच वाटतो खरा. परंतु आपल्या परंपरेने तो कधी टाळलेला नाही. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात कोश अश्दोदला नेल्यावर तेथील लोकांस जी पीडा झाली, तिच्यासाठी पोथीत एक शब्द लिहिलेला आहे आणि वाचताना दुसरा उच्चारावयाचा असतो. हा दुसरा शब्द म्हणजेच आजच्या दवाखान्यातील ‘तखोरीम’, आपली मूळव्याध. शौचाहून आल्यावर हात धुऊन आपण ‘आशेर यात्सार’ ही बेराखा म्हणतो, तीही शरीरातील द्वारे व पोकळ्या नीट चालतात याबद्दलच. जे देवापुढे बोलण्यास लाज वाटत नाही, ते डॉक्टरांपुढे बोलण्यास का वाटावी?

तरीही वाटते. आमचीच गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्हांसही असेच रक्त दिसू लागले. ‘शिक्षकाचे आयुष्य खुर्चीत आणि फळ्यापुढे, मूळव्याध व्हायचीच,’ असे निदान आम्हीच करून टाकले आणि पाच महिने कोणास सांगितले नाही. कुपत-होलीममधील कारकून बाई ओळखीच्या. त्यांच्या खिडकीपाशी हे कसे बोलावे? हिब्रू येत नव्हती असे नाही. पण दुखण्याची भाषा माणसास मातृभाषेतच सुचते. मुलास सोबत न्यावे, तर ते त्याहून अवघड. अखेर घरातून दटावणी झाली, तेव्हा गेलो.

डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी करविली. मूळव्याध निघाली, आमचे निदान चुकले नव्हते. परंतु आत एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली लहान गाठही निघाली. ती त्याच वेळी काढून टाकली. ती कर्करोगाची नव्हती. पण अशा काही गाठी बऱ्याच वर्षांनी कर्करोगाचे रूप घेतात, असे डॉक्टरांनी समजाविले. रक्त दिसले म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो हे खरे. पण ‘मूळव्याधच आहे’ या आमच्या खात्रीने आम्हांस पाच महिने अडवून ठेवले, हेही तितकेच खरे.

आता मूळव्याध म्हणजे काय ते पाहू. गुदमार्गाच्या आतल्या बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. मार्ग नीट मिटण्यास त्या मदत करतात. कुंथण्याने, बद्धकोष्ठाने, शौचकूपावर फार वेळ बसण्याने, गरोदरपणात किंवा वय वाढले की त्या फुगतात व खाली सरकतात. त्यांनाच आपण मोड किंवा कोंब म्हणतो. आतल्या मोडांतून पडणारे रक्त लालभडक असते आणि बहुधा दुखत नाही. बाहेरच्या मोडात रक्त गोठले, तर मात्र एकाएकी ठणका लागतो. शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखे दुखत असेल, तर ती बहुधा मूळव्याध नसून फिशर, म्हणजे गुदद्वाराची चीर असते.

उपचाराचा पाया स्वयंपाकघरात आहे. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जावेत, असे सांगतात. पांढरी पिता, पांढरा भात आणि तळण यांतून ते मिळत नाहीत. आपल्या आजीचे वालाचे बिरडे, पालेभाजी, नाचणीची भाकरी यांतून मिळतात. या देशातील पेरू, अंजीर व सुके आलुबुखारही उत्तम. तंतू एकदम वाढविले तर पोट फुगते, म्हणून हळूहळू वाढवावेत. इसबगोल घेणाऱ्यांनी त्यासोबत भरपूर पाणी प्यावे. नेगेवच्या उन्हाळ्यात तर पाण्याची आठवण तहान लागण्यापूर्वीच ठेवावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारावे.

वेग आला की टाळू नये. आत गेल्यावर कुंथू नये आणि टेलिफोन घेऊन बसू नये. पाच-दहा मिनिटांत काम झाले नाही, तर उठावे. गावाकडे उकिडवे बसण्याची सवय होती. येथील कमोडवर पायांखाली लहानसे स्टूल घेतले, तर तसाच उपयोग होतो. ठणका असेल तेव्हा टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसावे. मलमाने तात्पुरता आराम पडतो. स्टिरॉइड असलेले मलम मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आठवड्याहून अधिक लावू नये. एवढ्याने भागले नाही, तर आतल्या मोडाला रबराचे कडे घालून तो सुकवितात. हे काम बहुधा दवाखान्यातच होते. शस्त्रक्रियेची पाळी थोड्यांवरच येते.

परंतु हे सारे निदान झाल्यानंतरचे. रक्त पहिल्यांदा दिसले की वय कितीही असो, डॉक्टरांस सांगावे. रक्त मलात मिसळलेले असेल, शौचाची नेहमीची सवय बदलली असेल, कारणावाचून वजन घटत असेल, किंवा तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले असेल, तर मुळीच दिरंगाई नको. डांबरासारखा काळा मल हा वरच्या भागातील रक्तस्रावाचा इशारा असू शकतो. बीट खाल्ल्याने मल लाल व लोहाच्या गोळ्यांनी काळा दिसतो हे खरे, पण तो निवाडा डॉक्टरांनी करावा. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर तेही सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. रक्त फार जात असेल किंवा भोवळ येत असेल, तर १०१ वर मागेन दाविद अदोमला बोलवावे.

ज्यांस काहीच त्रास नाही, अशा पन्नाशी ओलांडलेल्यांना कुपत-होलीममधून ‘दाम समूई’, म्हणजे मलातील न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी करून मिळते. घरीच नमुना घ्यावयाचा असतो. तो संच कपाटात पडू देऊ नका. मात्र ज्यांस रक्त डोळ्यांनी दिसते, त्यांनी या तपासणीवर विसंबू नये. त्यांनी सरळ डॉक्टरांकडेच जावे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणास आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तपासणी पन्नाशीच्या आधीच सुरू करावी लागते. हे घराण्याचे गुपित मुलांपासून लपविणे अन्यायाचे आहे.

सही न करणाऱ्या आमच्या वाचकमित्रास एवढेच सांगणे : घरगुती औषध वर दिले आहे, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे. पहिल्या क्रमांकाचे म्हणजे या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेणे. खिडकीपाशी कारण सांगावे लागत नाही. ‘डॉक्टरांस भेटावयाचे आहे’ एवढे पुरे. आत गेल्यावर शब्द सुचला नाही, तर कागदावर ‘तखोरीम’ व त्याखाली ‘दाम’ असे लिहून पुढे करावे. आम्ही तेच केले होते. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, मान हलविली आणि विचारले, ‘किती दिवसांपासून?’ पाच महिने, हे उत्तर देताना मात्र आम्हांस खरी लाज वाटली.