सेकंडहँड ऑडिओच्या धंद्यात विकायची ती तुमची तपासणी



मागच्या व्हिडिओत आपण कमी भांडवलात सुरू होणाऱ्या जुन्या वस्तूंच्या धंद्यांवर बोललो. त्यात जुन्या होम ऑडिओचा, म्हणजे अॅम्प्लिफायर, स्पीकर, कॅसेट डेक, रेकॉर्ड प्लेअर यांचा विषय दोन मिनिटांत आटोपला. मल्टिमीटर आणि हिशेब व्हिडिओत घाईघाईत दाखवण्यात अर्थ नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या धंद्यात ब्रँड विकून पैसा टिकत नाही. गिऱ्हाइकाला जे स्वतः तपासता येत नाही ते तुम्ही तपासून, लिहून, सही करून देता, त्याचे पैसे मिळतात. "५०० ला उचल, ५,००० ला विक" असं शिकवणारे बरेच आहेत. त्यांच्या नादाला लागून बचतीचे ३०-४० हजार अशा मालात अडकवू नका.

दीपनगरमध्ये हा माल येतो कुठून?

आपल्याकडे भुसावळ औष्णिक विद्युत केंद्र आहे. आधी २१० मेगावॅटचे संच, मग ५०० चे दोन, आता ६६० चा. या प्रत्येक टप्प्यात बाहेरगावची कुटुंबं इथे आली आणि वसाहतीत राहिली. शेजारी भुसावळला रेल्वेची वसाहत आहे, आयुध निर्माणी आहे. वरणगावलाही आहे. महिन्याला पक्का पगार येणारी ही घरं. त्यांनी त्या काळात हौसेने फिलिप्स, बीपीएल, व्हिडिओकॉन, कॉस्मिक, सोनोडाइन असे सेट घेतले.

आता बदली झाली किंवा निवृत्ती आली, की क्वार्टर रिकामं करावं लागतं. ट्रकमध्ये पलंग, कपाट, फ्रिज जातो. स्पीकरची जोडी मागे राहते. म्हणून आपल्याला माल शोधायला मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पहिल्याच दिवशी जायची गरज नाही. तिथे समोरचा विक्रेता आपल्यापेक्षा जास्त जाणतो. इथे घरमालक स्वतः सांगतो, सेट कधी घेतला, किती वर्षं बंद आहे, कोणी उघडला होता. ही माहिती फुकट मिळते आणि तिची किंमत मोठी असते.

घ्यायच्या आधी काय बघायचं

नाव बघून भुलू नका. चांगल्या कंपनीचा बिघडलेला सेट हा साध्या कंपनीच्या चालू सेटपेक्षा महाग पडतो. मी हा क्रम पाळायला सांगतो:

१. स्पीकरची कड. पुढची जाळी काढा. कोनच्या भोवतीची कड रबराची, कापडाची की फोमची, ते बघा. फोम दहा-पंधरा वर्षांत कुजतो, बोट लावलं की भुगा पडतो. आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या सेटचं तर विचारूच नका. मग दोन्ही हातांनी कोन हलकेच, सारखा दाबा. आतून खरखर घासल्यासारखं झालं तर कॉइल घासतेय. बँडवाले आणि मंडपवाले भरपूर असल्याने आपल्याकडे कोन आणि कॉइल बदलून देणारा माणूस सापडतो, पण तो खर्च खरेदीच्या भावातून वजा करा.

२. मल्टिमीटर. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५ च्या आसपास. काहीच दाखवलं नाही तर कॉइल जळालेली किंवा वायर तुटलेली. ट्वीटर या पद्धतीने कळत नाही, त्याच्या रस्त्यात कपॅसिटर असतो. गाणं लावून कान जवळ नेऊन ऐका.

३. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब. वर्षानुवर्षं बंद असलेला अॅम्प्लिफायर थेट प्लगला लावू नका. १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर बहुधा ठीक. पूर्ण पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. बंद करा, पुढे जाऊ नका. आणि झाकण तुम्ही उघडू नका, ते मेकॅनिकचं काम. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट राहतो.

४. स्पीकर जोडण्याआधी डीसी. सेट चालू, गाणं बंद, आवाज शून्यावर. स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर डीसी मिलिव्होल्टला लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चालेल. काही व्होल्ट दिसले तर तो अॅम्प्लिफायर तुमचा चांगला स्पीकर जाळेल.

५. बटणं आणि बाजू. आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बऱ्याचदा क्लीनरच्या फवाऱ्याने काम होतं. एक बाजू बंद असेल तर सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. बंद बाजू बदलली तर दोष अॅम्प्लिफायरकडे, त्याच स्पीकरवर राहिली तर स्पीकर किंवा त्याची वायर.

६. मागची पाटी. पुढे "२,००० वॅट पीएमपीओ" छापलेलं असतं, ते वाचून सोडून द्या. मागच्या पाटीवर सेट किती वॅट वीज घेतो ते लिहिलेलं असतं. ६० वॅट घेणारा सेट सलग १०० वॅटचा आवाज देऊच शकत नाही. वीज केंद्राच्या गावात हे गिऱ्हाइकाला समजवायला वेळ लागत नाही! त्याच पाटीवर व्होल्टेज बघा. जपानमधून आलेला सेट १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की गेला. शिवाय तिथल्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या सेटचं एफएम ७६ पासून ९० पर्यंतच असतं, आपलं ८८ ते १०८. म्हणजे आपली बहुतेक स्टेशनं त्यावर लागणारच नाहीत.

कॅसेट डेकचा पट्टा, रेकॉर्ड प्लेअरची सुई आणि सीडी प्लेअरची लेझर या तिन्ही झिजणाऱ्या वस्तू आहेत. चालू दिसल्या तरी खर्च धरूनच चाला. जुने ५.१ होम थिएटर सेट शिकाऊ माणसाने टाळावेत, कारण बऱ्याच सेटमध्ये प्लग त्या कंपनीचेच असतात आणि एक भाग गेला की सगळा सेट अडकतो. साधा दोन स्पीकरचा अॅम्प्लिफायर मोबाइलला, टीव्हीला, कशालाही जोडता येतो.

दोन सेटची तुलना प्रामाणिक कशी करायची

इथे धंद्यात सर्वात जास्त चलाखी होते. जो सेट विकायचा आहे त्याचा आवाज थोडा वाढवून ठेवतात, स्पीकर कोपऱ्यात ढकलतात म्हणजे बेस वाढतो. माणसाच्या कानाला थोडा मोठा आवाज नेहमी "चांगला" वाटतो. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि चार दिवसांत म्हणतं, दुकानात वाजत होता तसा वाजत नाही.

तुम्ही असं करा. एकच गाणं, एकच मोबाइल, एकच वायर, स्पीकरची जागा तीच. बेस, ट्रेबल मधोमध, लाउडनेसचं बटण बंद. मोबाइलवर आवाज मोजायचं साधं अॅप घ्या आणि दोन्ही सेट एका पातळीवर आणा. अॅपचा आकडा अचूक नसला तरी तुलनेपुरता चालतो. मग तीन गोष्टी ऐकवा: गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ आहे का, ढोलकी-तबल्याची थाप फुटते का, आणि अगदी हळू आवाजात शब्द कळतात का. तिसरी कसोटी बहुतेक दुकानदार घेतच नाहीत, पण क्वार्टरमध्ये राहणारा माणूस, ज्याच्या घरात कोणीतरी नाइट शिफ्ट करून झोपलेलं असतं, तो रोज हळू आवाजातच ऐकतो. गाणं गिऱ्हाइकाचं घ्या, तुमचं नको. आणि भाव ऐकून झाल्यावर सांगा, आधी सांगितला की कान भावाप्रमाणे ऐकतो.

भाव उलट्या हिशेबाने काढा

आधी विक्रीचा भाव ठरवा, मग मागे या. समजा अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर ७,५०० ला जातील असं वाटतं. उदाहरणासाठी धरलेले आकडे:

आणायचं भाडं २५०
दुरुस्ती आणि सामान ९००
एक महिन्याच्या गॅरंटीसाठी बाजूला ५००
दुकानात पडून राहण्याचा खर्च ३५०
तुमचे सहा तास, १०० प्रमाणे ६००
एकूण २,६००
तुमचा नफा १,४००

७,५०० मधून ४,००० गेले, उरले ३,५००. हा तुमचा वरचा भाव. चार हजारांवर अडून बसले तर नमस्कार करून निघा. "एवढा मस्त पीस पुन्हा मिळणार नाही" हे वाक्य मनात आलं की पाकीट खिशात ठेवा. मस्त पीस पुन्हा मिळतो.

कागदाचंही बघा. विकणाऱ्याची सही असलेली पावती आणि ओळखपत्राची प्रत घ्याच. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसं वाटत असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मशीनचा सिरियल नंबर पावतीवर लिहा. जीएसटीत नोंदणी असेल तर जुन्या मालासाठी नियम ३२(५) आहे: इनपुट क्रेडिट घेतलं नसेल आणि मालाचं रूप बदललं नसेल तर कर खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. तुमच्या सीएला हा नियम दाखवून विचारा.

"दोष सांगितला तर गिऱ्हाईक जाईल ना सर?"

हो, काही जातील. डाव्या स्पीकरवर ओरखडा आहे, डेकचा पट्टा नवा टाकलाय, टेप रिवाइंड हळू होते, असं कार्डावर लिहून सेटला अडकवलं तर दहातले दोन-तीन तोंड वाकडं करून निघून जातील. जाऊ द्या. जो दोष वाचून घेतो तो रात्री नऊला सेट डोक्यावर घेऊन परत येत नाही. मोठ्या शहरात नाराज गिऱ्हाईक गर्दीत हरवून जातं. दीपनगरमध्ये एकाच गेटमधून सगळे ड्यूटीला जातात. सकाळच्या शिफ्टला फसलेला माणूस दुपारच्या शिफ्टला सांगतो, आणि संध्याकाळपर्यंत तुमचं दुकान चर्चेत असतं.

हेच विकणाऱ्याच्या बाबतीत. निवृत्त होऊन गावी निघालेल्या काकांच्या चालू सेटला "भंगार आहे हो" म्हणून ३०० रुपये हातावर ठेवणं म्हणजे हुशारी, असं मी मानत नाही. त्यांच्यासमोर तपासा, वरचा हिशेब त्यांना कागदावर दाखवा, "काका, दुरुस्तीला एवढे जातील, म्हणून मी एवढे देऊ शकतो" असं सांगा. कमी भाव माणूस समजून घेतो. अपमान समजून घेत नाही. आणि पुढच्या महिन्यात ज्यांची बदली होणार आहे, त्यांना तुमचा नंबर हेच काका देतात. असा माल आणणारा एजंट पगारावर ठेवता येत नाही.

सुरुवात कशी करायची? दुकान भाड्याने घेऊ नका. आधी मल्टिमीटर, सिरीज बल्ब आणि एक वही घ्या. स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरातले पाच जुने सेट तपासा, पाच कार्डं लिहा. मग एकच सेट खरेदी करा आणि तो विकून पैसे हातात येईपर्यंत दुसरा घेऊ नका. पाच कार्डं लिहायचाच कंटाळा आला, तर हा धंदा तुमचा नाही हे पाच हजारही न घालवता कळेल.

कार्ड कसं भरायचं ते पुढच्या व्हिडिओत एक सेट समोर ठेवून दाखवतो. तोवर तुमचं पहिलं कार्ड तयार ठेवा.