वनरक्षकांना हवी गावाची साथ
ताडोबा व्याघ्र प्रकल्पात २० नोव्हेंबर २०२१ रोजी व्याघ्रगणनेसाठी पायी पाहणी करीत असताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. व्याघ्रसंवर्धनाचा भार पायी गस्त घालणाऱ्या कर्मचाऱ्यांवरच असतो, हे या घटनेने पुन्हा स्पष्ट झाले. त्यांना वाहने, प्रशिक्षण व विमा मिळणे आवश्यकच आहे. मात्र तेवढे पुरेसे नाही. फासे कोठे लागले, वाघ कोठे वावरतो, याची चाहूल अनेकदा प्रथम लागते ती सरपण व मोहफुलांसाठी वनात जाणाऱ्या ग्रामस्थांना. या दृष्टीने, किशोर रिठे यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या सातपुडा फाउंडेशनचे मेळघाटालगतच्या गावांतील निसर्गशिक्षणाचे कार्य महत्त्वाचे ठरते. गाव विश्वासात असेल, तरच वनरक्षक एकाकी राहणार नाही.