चौकटीशीं इमान

चित्रकथांवरून निघालेल्या चित्रपटांचा विषय निघाला, कीं आमचे सुशिक्षित तरुण मित्र जणूं वही उघडून बसतात. नायकाच्या झग्याचा रंग पालटला, नोंद करा; अमुक प्रसंग गाळला, नोंद करा! ही जमाखर्चाची रीत पेढीवर शोभेल. मूळ कृतीशीं इमान राखलें पाहिजे, हें आम्हांसहि मान्य आहे. वाद आहे तो मूळ कशाला म्हणावयाचें, एवढाच.

अ‍ॅलन मूर या लेखकाची व डेव्ह गिबन्स या चित्रकाराची ‘वॉचमेन’ ही चित्रकथा १९८६-८७ सालीं बारा अंकांतून प्रसिद्ध झाली. झॅक स्नायडर यांनीं २००९ मध्यें तिचा चित्रपट केला. त्यावर मूर यांनीं आपलें नांव घालूं दिलें नाहीं. वास्तविक गिबन्स यांच्या कित्येक चौकटी त्यांत जशाच्या तशा उतरल्या आहेत. भक्तमंडळी खवळली ती शेवटावरून. मूळ कथेंत न्यूयॉर्कवर एक कृत्रिम राक्षसी प्राणी कोसळतो. चित्रपटांत अनेक शहरांत स्फोट होतात आणि त्यांचा आळ डॉक्टर मॅनहॅटनवर येतो. आमच्या मतें हा फरक सोसण्याजोगा आहे. लाखों निरपराध्यांना मारून, त्यावर असत्य रचून भांडणाऱ्या राष्ट्रांना एकत्र आणावें काय, आणि सत्य जाणणाऱ्यानें मौन धरावें काय, हा प्रश्न दोहोंकडे तोच राहतो. मॅनहॅटन हा अमेरिकेचाच हुकमी एक्का. तेव्हां रशिया त्याबद्दल अमेरिकेवरच कां उलटूं नये, ही शंका मात्र रास्त आहे. पण ती तर्कांतील उणीव झाली, बेइमानी नव्हे.

बेइमानी आहे ती सहाव्या अंकाच्या बाबतींत. एका लहान मुलीला पळवून, मारून कुत्र्यांना घालणारा नराधम रोरशाकच्या हातीं सांपडतो. मूळ कथेंत रोरशाक त्याला बेडीनें जखडतो, हातीं करवत देतो, घराला आग लावतो आणि रस्त्यांत उभा राहून तें घर जळतांना पाहत राहतो. संतापाचा भर ओसरलेला आहे. मागें राहिली आहे ती थंडी. तुरुंगांत ही हकीकत ऐकणाऱ्या डॉक्टरच्याहि पायांखालची जमीन सरकते, ती या थंडीमुळें. चित्रपटांतील रोरशाक त्या माणसाच्या डोक्यावर सुऱ्याचे घाव घालीत सुटतो. प्रेक्षक शहारतो, आणि मनांतल्या मनांत ‘बरें झालें’ म्हणून मोकळाहि होतो! मूळ कृति त्याला असें मोकळें होऊं देत नव्हती.

हाणामाऱ्यांचेंहि तेंच. मुखवटे चढवून लोकांना बडविणारीं हीं माणसें थकलेलीं, विकृत, कींव येण्याजोगीं आहेत, असें ती चित्रकथा सांगते. कॉमेडियनचा खून तींत पोलिसांच्या बोलण्याच्या अधूनमधून थोड्या लालभडक चौकटींत येऊन जातो. चित्रपटांत तोच प्रसंग संथ गतीनें, नटवून सजवून लांबविला आहे. चौकटी उचलल्या, आणि ज्या गोष्टीचा वीट आणावयाचा तीच देखणी केली!

‘चित्रपट ही स्वतंत्र कला आहे, तिला मुळाचें बंधन कशाला?’ असें कोणी म्हणेल. बंधन नको असेल तर नांवहि घेऊं नये. लोक तिकिटें काढतात तीं त्या नांवावर. स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांच्या १९६२ च्या कथेंत स्पायडरमॅन जाळें फेकण्याचें यंत्र स्वतः बनवितो. सॅम रेमी यांच्या २००२ च्या चित्रपटांत तें जाळें त्याच्या मनगटांतूनच निघतें. यावर केवढा गहजब झाला! आम्हांस त्याचें फारसें दुःख नाहीं. परंतु मूळ कथेंतील पोरगा चोराला जाऊं देतो तो निव्वळ मस्तींत, ‘मला काय त्याचें’ म्हणून. चित्रपटांत कुस्तीच्या ठेकेदारानें त्याचे पैसे बुडविलेले असतात. चोर त्याच ठेकेदाराला लुटून पळतो, आणि पोरगा सूड म्हणून वाट सोडतो. पुढें तोच चोर त्याच्या चुलत्याचा जीव घेतो. ज्या अपराधावर त्या पोराचें सारें आयुष्य उभें आहे, त्याला येथें अर्धी सबब मिळाली. ही नोंद आमच्या मित्रांपैकीं एकाच्याहि वहींत आम्हांस आढळली नाहीं.