ठिगळाची बाजू

आपल्या समीक्षेला समुद्र दिसतो, नौका दिसत नाही. समुद्र म्हटला की नियती, अनंत, मानवाचे एकाकीपण हे शब्द वर्गात आपोआप अवतरतात. त्या अनंतात माणसाला तरंगत ठेवणारी वस्तू कोणत्या लाकडाची होती, तिचे सांधे कोणी व कशाने भरले, असे विचारणारा विद्यार्थी मात्र अरसिक ठरतो. आमच्या मते तोच नीट वाचतो आहे.

हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याचे शीड घ्या. पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादामुळे ते मराठी वाचकाच्याही परिचयाचे आहे. पिठाच्या पोत्यांची ठिगळे लावलेल्या त्या शिडाला लेखकाने पराभवाच्या निशाणाची उपमा दिली आणि अध्यापकांची मोठी सोय झाली. ठिगळ म्हणजे पराभव, हे समीकरण उत्तरपत्रिकेत लिहायला सोपे आहे. परंतु ठिगळ हे प्रतीक होण्याआधी दुरुस्ती असते. शीड टाकून देणारा हरलेला असतो. त्याला ठिगळ लावणाऱ्याला उद्या पुन्हा समुद्रावर जायचे असते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे 1968 सालच्या गोल्डन ग्लोब शर्यतीने दाखवून दिले. एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. नऊ जण निघाले, एकटा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन परतला. त्याची ‘सुहेली’ ही 32 फुटी नौका मुंबईत, सागवानात बांधलेली; तिचा आराखडा तर त्याहून सुमारे चाळीस वर्षांनी जुना. 14 जून 1968 रोजी फाल्मथहून निघाल्यावर काही आठवड्यांतच कण्यालगतच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागले. भर अटलांटिकमध्ये तो पुन्हा पुन्हा नौकेखाली बुडी मारत राहिला. सांध्यात कापूस ठासला. तो पुरेना, तेव्हा त्यावर कॅनव्हासची पट्टी शिवून खिळ्यांनी ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा बसवला. या कामाच्या दरम्यान एक शार्क आला व त्याने तो बंदुकीने मारला. ही हकीकत सांगताना सगळ्यांना शार्क आठवतो. पट्टी कोणाला आठवत नाही. पण 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, ‘सुहेली’ फाल्मथला परतली ती अशाच पट्ट्यांच्या बळावर.

त्याच शर्यतीतील डोनाल्ड क्रोहर्स्टची नौका कोरी होती, नव्या कल्पनांनी भरलेली. ती उलटू नये म्हणून विजेवर चालणारी यंत्रणा योजली होती. तारा ओढल्या गेल्या, यंत्रणा पुरी झालीच नाही. पाणी उपसण्याच्या नळीचा आवश्यक तुकडा किनाऱ्यावरच राहिला. जुलै 1969 मध्ये ती नौका निर्मनुष्य सापडली. क्रोहर्स्टच्या शोकांतिकेवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. त्या शोकांतिकेत अपुऱ्या राहिलेल्या कामांची यादीही आहे, ती आपण वाचत नाही.

जुनी नौका दूर समुद्रात न्यायची म्हणजे काय करायचे, हे एकदा साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. फायबरग्लासचे अंग टिकते. पण डेकच्या थरांमधले लाकूड पाणी पिऊन कुजते, आणि वरून ते कळत नाही. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा ज्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात त्या डेकमधून आरपार जातात. जिथे हवा पोहोचत नाही नेमके तिथेच स्टेनलेस पोलाद गंजते. पाणरेषेखालच्या पितळी झडपांतले जस्त झिजून जाते, आणि वरवर शाबूत दिसणारी झडप हातात तुटून येते. म्हणून प्रत्येक झडपेशेजारी लाकडी बूच दोरीने बांधून ठेवतात. यात कुठेही अनंत नाही. पण यातले एक राहिले तर अनंताशी गाठ पडायला वेळ लागत नाही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. बाजार म्हणेल, नवी उपकरणे घ्या. संकटसंदेश देणारे यंत्र आणि जीवरक्षक तराफा जरूर घ्यावा. बाकी जे स्वतःच्या हातांनी उघडून दुरुस्त करता येत नाही, ते भर समुद्रात ओझे होते. 2022 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 1988 पूर्वीच्या आराखड्यांच्याच नौकांना प्रवेश होता. 16 निघाले, तिघांनी ती पूर्ण केली. दुसऱ्या आलेल्या अभिलाष टॉमी यांनी वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूची पाती बनवायला नौकेतल्या शौचालयाचे दार कापले. या दाराचे प्रतीक करायला आम्ही कोणालाही आव्हान देतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याच शर्यतीत टॅपियो लेह्टिनेन यांची 1965 सालची ‘अस्टेरिया’ नव्याने सिद्ध केलेली असूनही 18 नोव्हेंबर 2022 रोजी हिंदी महासागरात काही मिनिटांत बुडाली. मग जपणुकीचा उपयोग काय? जपणूक हमी देत नाही, हे खरेच. पण तराफा सज्ज होता, लेह्टिनेन त्यात उतरले, आणि पुढे शर्यत जिंकणाऱ्या कर्स्टन नॉयशेफर यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना आपल्या नौकेवर घेतले. तराफा तयार ठेवणे हाही जपणुकीचाच भाग आहे.

कॉनरॅडने ‘द मिरर ऑफ द सी’ या 1906 च्या पुस्तकात, वृत्तपत्रे नांगर ‘फेकला’ असे लिहितात म्हणून नाराजी व्यक्त केली आहे. नाविक नांगर फेकत नाही, सोडतो, हा त्याचा आग्रह. बहुतेक अध्यापक याला म्हाताऱ्या कप्तानाचा हेकटपणा समजून पुढे जातात. आम्हाला त्यात साहित्याची एक कसोटी दिसते: ज्याला कामाचे क्रियापद नीट माहीत नाही, त्याचे प्रतीकही कच्चेच असते. तेव्हा पुढच्या वेळी वर्गात सागरकथा शिकवताना वादळाचा अर्थ जरूर विचारा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: या नौकेत पाणी कुठून येत होते, आणि ते कोण उपसत होते?